सरकत्या डोंगराखालचा कारभार: नॉर्वेतल्या स्ट्रांडा कोम्यूनचं प्रकरण

पश्चिम नॉर्वेत ओक्नेस नावाचा एक डोंगरउतार आहे. समुद्रापासून सुमारे 900 मीटर उंचीवर त्याच्या खांद्याला भेग गेली आहे, अर्ध्या किलोमीटरहून लांब. भेगेवर आडवी उपकरणं बसवली आहेत आणि ती एकच गोष्ट मोजतात: खालचा कातळ वरच्यापासून किती लांब गेला. ज्या भागाचा वेग सगळ्यात जास्त, तिथे हा आकडा वर्षाला 6 ते 8 सेंटिमीटर येतो. आपल्या बोटाचं नख वर्षभरात वाढतं त्याच्या जवळजवळ दुप्पट. दिवसाला मोजायचं तर मिलिमीटरचा पाचवा हिस्सा. भेगेशेजारी दिवसभर बसून राहिलं तरी काही हलल्याचं डोळ्यांना कळणार नाही.

या उताराच्या पायथ्याशी जमीन नाही, थेट पाणी आहे. सुन्निल्वस्फियोर्ड या डोंगरांत आत शिरलेल्या समुद्राच्या फाट्याचं पाणी. सगळ्यात मोठा धोका धरून केलेल्या हिशेबात 5.4 कोटी घनमीटर खडक या पाण्यात उतरू शकतो. तसं झालं तर उठणारी लाट साधारण 5 मिनिटांत हेलेसिल्टला आणि 10 मिनिटांत गाइरांगरला पोचेल. हेलेसिल्टमध्ये पाणी उतारावर 80 मीटरच्या पुढे चढू शकतं, गाइरांगरला 70 च्या आसपास. दोन्ही गावांची दुकानं, धक्का, हॉटेलं, बरीचशी घरं या उंचीच्या खाली आहेत.

दोन्ही गावं स्ट्रांडा नावाच्या कोम्यूनमध्ये येतात. कोम्यून म्हणजे नॉर्वेतल्या स्थानिक स्वराज्याचं सगळ्यात खालचं एकक. ग्रामपंचायत आणि नगरपालिका असा भेद तिथे नाही. ओस्लोसारखं महानगरही कोम्यूनच आणि साडेचार हजार वस्तीचं स्ट्रांडाही कोम्यूनच. दोघांवर कायद्याने जबाबदाऱ्या जवळपास सारख्याच: शाळा, बालवाडी, म्हाताऱ्यांची देखभाल, गावचा डॉक्टर, पाणीपुरवठा, जमिनीचं नियोजन आणि बांधकाम परवाने. या प्रकरणाचा गाभा त्या शेवटच्या दोन कामांत आहे. डोंगर पडणार की नाही हे भूवैज्ञानिक सांगतील. पण जिथे एक दिवस लाट येऊ शकते तिथे नवं घर बांधू द्यायचं का, हे ठरवायला साडेचार हजार लोकांनी निवडून दिलेलं मंडळ बसतं. त्यातला प्रत्येक सभासद अर्ज करणाऱ्याला बहुधा नावाने ओळखतो.

जागा कशी आहे

मराठी माणूस फियोर्ड म्हटलं की कोकणातली खाडी डोळ्यांपुढे आणतो. समुद्राचं खारं पाणी जमिनीत आत घुसलेलं, एवढंच साम्य. आपल्या खाड्या उथळ, गाळाच्या, दोन्ही काठांना हळूहळू चढत जाणाऱ्या. फियोर्ड ही हिमनदीने कातळात कोरलेली दरी. बर्फ वितळल्यावर तिच्यात समुद्र भरला. या भागातले कडे पाण्यावर 1,400 मीटरपर्यंत उभे आहेत आणि पाण्याखाली तीच भिंत 500 मीटरपर्यंत खाली जाते. म्हणजे नावेत बसलेल्याला दिसतो तो दरीचा वरचा भाग.

बर्फ होता तोवर त्याचा दाब या भिंतींना धरून होता. तो गेला आणि भिंती उघड्या पडल्या. पुढच्या हजारो वर्षांत भेगांमध्ये पाणी शिरलं, गोठलं, फुगलं, वितळलं. दरवर्षी तोच क्रम. ओक्नेस हे त्याचंच एक फळ आहे, आणि एकटं नाही: शेजारच्या, फियोर्ड हेच नाव असलेल्या कोम्यूनमधला हेगुराक्सला हा उतारही असाच नजरेखाली ठेवलेला आहे.

स्ट्रांडाचा नकाशा समोर घेतला की मला सगळ्यात आधी कारभाराची अडचण दिसते. साडेआठशे चौरस किलोमीटरच्या पुढे पसारा, आणि माणसं राहतात ती पाण्याकाठच्या मोजक्या पट्ट्यांत. मुख्य गाव स्ट्रांडा हे स्टोरफियोर्डच्या काठावर. तिथून सुन्निल्वस्फियोर्डचा फाटा आत शिरतो, त्याच्या टोकाला हेलेसिल्ट. मध्येच पूर्वेला 15 किलोमीटरचा गाइरांगरफियोर्ड फुटतो आणि त्याच्या टोकाला गाइरांगर. हिवाळ्यात डोंगरावरचा दक्षिणेकडचा रस्ता बर्फाने बंद झाला की गाइरांगरच्या माणसाला आपल्याच कोम्यूनच्या कचेरीत जायला आधी घाट चढून आइद्सदालला, म्हणजे शेजारच्या कोम्यूनमध्ये जावं लागतं. तिथून फेरीबोटीने लिंगे, मग रस्त्याने लियाबिग्दा, मग पुन्हा फेरीबोट, तेव्हा स्ट्रांडा. एका कामासाठी दोन बोटी आणि एक परका मुलूख.

म्हणून या माणसांनी पाण्याला नेहमी रस्ता मानलं. काठावर घर असणं हा शहाणपणा होता, कारण डाक, माल, डॉक्टर, पाद्री, सगळं नावेने यायचं. आज ज्या पट्ट्याला धोक्याचा पट्टा म्हणतात, तो शतकानुशतकं गावातला सगळ्यात सोयीचा पट्टा होता.

धोका मात्र त्यांना माहीत होता. ओक्नेसच्याच बाजूला मे-ओक्नेस नावाची जुनी वाडी आहे. हिवाळ्यात वरून हिमलोट येणारच, हे धरून तिथली घरं बाहेर झुकलेल्या कातळाच्या खाली, अगदी पाठ टेकवून बांधली. हिमलोट आला की तो कातळावरून पुढे फेकला जाऊन फियोर्डमध्ये पडावा, घराच्या छपरावर पडू नये, हा हिशेब. त्या वाडीचे फोटो पाहताना मी प्रत्येक वेळी थांबतो. डोंगराला टाळता येत नाही तर त्याच्या कुशीतली एवढीच सुरक्षित जागा शोधून तिथे चूल मांडायची, हे ज्याला सुचलं त्याने तो उतार किती वर्षं निरखला असेल! गाइरांगरफियोर्डच्या कड्यावर क्निव्सफ्लो आणि स्कागेफ्लो या अशाच वाड्या. क्निव्सफ्लोवर वरचा कातळ कोसळेल या भीतीने 1898 साली माणसांनी घर सोडलं. समोरच्या स्कागेफ्लोवर, पाण्यापासून सुमारे 250 मीटर उंच, लोक 1916 पर्यंत टिकले. 1993 मध्ये राजा हाराल्ड आणि राणी सोन्या यांनी लग्नाच्या पंचविसाव्या वर्षाचा समारंभ याच ओसाड अंगणात केला. तोपर्यंत स्थानिक मंडळींनी उभारलेल्या संस्थेने या वाड्यांची छपरं आणि वाटा दुरुस्त करायला घेतल्या होत्या.

तीन रात्री

ओक्नेसच्या बाबतीत नॉर्वे एवढी काळजी का घेतो, याचं उत्तर भूगर्भशास्त्रात कमी आणि आठवणीत जास्त आहे.

दक्षिणेला स्ट्रीन कोम्यूनमध्ये लोएनजवळ एक तळं आहे, लोवात्नेत. 15 जानेवारी 1905 च्या रात्री रामनेफियेल या डोंगराचा तुकडा तळ्यात पडला. सुमारे 40 मीटरची लाट उठली आणि 61 माणसं गेली. तळ्यातली छोटी आगबोट लाटेने उचलून काठापासून शेकडो मीटर आत नेऊन टाकली. पुढच्या वर्षांत काठावर पुन्हा वस्ती उभी राहिली. 13 सप्टेंबर 1936 ला तोच डोंगर पुन्हा पडला, या वेळी लाट 70 मीटरच्या पुढे गेली आणि 74 माणसं मेली.

या दोहोंच्या मध्ये ताफियोर्ड. हे गाव स्ट्रांडाच्या शेजारच्या खोऱ्यात, त्याच स्टोरफियोर्डच्या दुसऱ्या फाट्यावर. तिथल्या लांगहामारेन या कड्यावर भेग आहे आणि ती रुंदावते आहे, हे गावकऱ्यांना कित्येक वर्षं ठाऊक होतं. लहानसहान दगड पडायचे. पण भेग ठाऊक असणं आणि ती केव्हा सुटेल हे ठाऊक असणं यांत जमीन-अस्मानाचा फरक. 7 एप्रिल 1934 च्या पहाटे तीनच्या सुमारास सुमारे 700 मीटर उंचीवरून कडा सुटला. वाटेतला मुरूम-दगड सोबत घेत 20 ते 30 लाख घनमीटर माल पाण्यात गेला. दरडीच्या जवळ पाणी 62 मीटर उंच चढल्याच्या खुणा सापडल्या. ताफियोर्ड गावात पोचेपर्यंत लाट उतरली होती, तरी ती 15 मीटरच्या पुढे होती.

लाट एक नव्हती. एकामागून एक तीन आल्या आणि नंतरची आधीपेक्षा मोठी. पहिल्या लाटेच्या आवाजाने जागे झालेल्यांपैकी ज्यांनी पुढच्या क्षणांत उताराची वाट धरली ते वाचले. अंधारात, एप्रिलच्या थंडीत, झोपेच्या कपड्यांत. ताफियोर्डमध्ये 23 आणि फ्योरो या वस्तीत 17, अशी 40 माणसं त्या पहाटे गेली.

तीन दुर्घटना मिळून 175 माणसं, अवघ्या 31 वर्षांत, एकमेकांपासून जवळच्या खोऱ्यांत. ओक्नेसच्या सगळ्यात मोठ्या शक्यतेतला खडक ताफियोर्डच्या दरडीच्या वीसपटीच्या आसपास भरतो. स्ट्रांडाच्या सभेत जेव्हा कुणी 'लाट' हा शब्द उच्चारतो, तेव्हा ऐकणाऱ्यांना संगणकावरचं चित्र आठवत नाही, आजोबांनी सांगितलेली पहाट आठवते.

कोम्यूनचा पिंड

नॉर्वेत स्थानिक स्वराज्याचे कायदे 1837 साली झाले आणि पुढच्या वर्षीपासून ठिकठिकाणी निवडलेली मंडळं बसू लागली. सुरुवातीला मत फक्त जमीनजुमला असलेल्या पुरुषांना. कोम्यूनच्या निवडणुकीत स्त्रियांना 1901 मध्ये अटींसह आणि 1910 मध्ये पूर्ण हक्क मिळाला. आज दर चार वर्षांनी निवडणूक होते. निवडून आलेलं कोम्यूनस्तीरे आपल्यातून एक कार्यकारी समिती आणि ऊर्दफ्योरर, म्हणजे आपल्याकडच्या नगराध्यक्षासारखा प्रमुख, निवडतं. समितीत पक्षांना त्यांच्या बळाच्या प्रमाणात जागा मिळतात, त्यामुळे हरलेला पक्षही टेबलावर असतो. प्रशासन पगारी संचालक सांभाळतो.

आजचं स्ट्रांडा घडलं 1965 मध्ये. तेव्हा देशभर छोटी कोम्यून एकत्र करण्याची मोहीम चालू होती. त्या दशकात त्यांची संख्या 744 वरून 454 वर आली. त्यातच सुन्निल्वेन हे जुनं कोम्यून स्ट्रांडात विलीन झालं. हेलेसिल्ट आणि गाइरांगर ही दोन्ही गावं त्या सुन्निल्वेनमधली. म्हणजे ज्यांना लाटेची झळ सगळ्यात आधी आणि सगळ्यात जास्त बसणार, ती माणसं 1965 पर्यंत आपला निर्णय आपल्या सभेत घेत होती. त्यानंतर कचेरी, कारखाने आणि बहुसंख्य मतदार स्ट्रांडा गावात, आणि धोक्याचं टोक दूर फियोर्डच्या दोन कोपऱ्यांत. लाट स्ट्रांडालाही पोचेल, पण दमून. या विलीनीकरणाने पैसा आणि मनुष्यबळ वाढलं हे खरं. तरीही बांधकामबंदीच्या प्रश्नावर सभागृहात कुणाचा जीव किती गुंतलेला आहे, हे समजून घ्यायचं तर 1965 ची ती रेघ विसरून चालत नाही.

2020 च्या विलीनीकरणाच्या फेरीत शेजारी नोरदाल आणि स्तोरदाल एकत्र येऊन फियोर्ड नावाचं नवं कोम्यून झालं, ओर्स्कोग आलेसुंदमध्ये गेलं. स्ट्रांडा एकटंच राहिलं.

एकटं राहण्याची ऐपत त्याला उद्योगांनी दिली. या गावाने लाकडी फर्निचरचे कारखाने चालवले. नॉर्वेच्या घराघरांत पोचलेला ग्रांदियोसा हा गोठवलेला पिझ्झा 1980 पासून इथेच बनतो. दुसरीकडे गाइरांगर पर्यटनावर जगतं. तिथे पहिलं पर्यटक जहाज 1869 साली आलं. बाराही महिने राहणारी वस्ती अडीचशेच्या आत-बाहेर, आणि उन्हाळ्यात बोटींनी, बसगाड्यांनी येणारे लाखो. 2005 मध्ये गाइरांगरफियोर्ड आणि नेरोयफियोर्ड यांना मिळून जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. त्या दर्जामुळे केंद्राचा हात आणखी आत आला: 1 जानेवारी 2026 पासून वारसा फियोर्डांत 10,000 टनांखालच्या प्रवासी जहाजांना शून्य उत्सर्जनाची अट लागू झाली, मोठ्यांना 2032 पर्यंत मुदत आहे. कोम्यूनच्या धक्क्यावर कुठलं जहाज लागणार हे आता संसदेतही ठरतं.

भेग सापडली, मग पुढे

ओक्नेसची भेग 1960 च्या दशकात स्थानिक लोकांच्या बोलण्यातून पुढे आली. शेळ्यामेंढ्यांमागे आणि शिकारीला डोंगरात फिरणाऱ्यांना कुठला दगड कुठे होता हे पाठ असतं. 1980 च्या दशकात पहिली मोजमापं झाली. पण खरं काम सुरू झालं 2004 मध्ये, जेव्हा ओक्नेस आणि ताफियोर्ड यांच्यासाठी एकत्र प्रकल्प उभा राहिला. पुढे स्टोरफियोर्डच्या काठची कोम्यूनं एकत्र आली आणि त्यांनी इशारा केंद्रासाठी सामाईक संस्था काढली. केंद्र स्ट्रांडातच थाटलं.

मला ही पायरी या प्रकरणातली सगळ्यात मोलाची वाटते. एकटं स्ट्रांडा एवढी यंत्रणा उभी करूच शकलं नसतं आणि राजधानीने तोवर हे काम पूर्णपणे आपलं मानलं नव्हतं. मग ज्यांच्या काठाला लाट लागणार त्यांनीच झोळी एकत्र केली. 2015 पासून ते केंद्र एनव्हीई या राष्ट्रीय जलसंपदा आणि ऊर्जा संचालनालयाकडे गेलं. दरडींची जबाबदारी 2009 पासूनच त्या संचालनालयाकडे आली होती.

आता डोंगरावर उपग्रहाने ठिकाण टिपणारे ग्राहक आहेत, भेगेवर ताणमापक आणि लेसर आहेत, समोरच्या काठावरून पाहणारं रडार आहे, जमिनीतले धक्के ऐकणारी यंत्रं आहेत, खोल छिद्रांत उतरवलेल्या मापकांच्या साखळ्या आहेत. एवढी वेगवेगळी साधनं एकाच गोष्टीसाठी का? एप्रिल-मे मध्ये बर्फ वितळतं, पाणी भेगांत उतरतं आणि सरकण्याचा वेग वाढतो. तेव्हा एखादं उपकरण बिघडलं म्हणून आकडा उडाला की डोंगर खरोखर सुटू लागला, हे ओळखायला दुसऱ्या जातीचा साक्षीदार लागतो. डोंगरातलं पाणी उपसून वेग कमी करता येईल का, हेही छिद्रं पाडून अभ्यासलं गेलं आहे.

धोक्याच्या चार पायऱ्या आहेत: हिरवी, पिवळी, नारिंगी, लाल. एवढा मोठा खडक एका क्षणात, काही न सांगता सुटत नाही. सुटण्याआधी त्याचा वेग दिवसेंदिवस वाढत जातो. सगळी व्यवस्था या एका गृहीतावर उभी आहे. 5 आणि 10 मिनिटं हे आकडे लाटेच्या प्रवासाचे आहेत, लोकांना हलवायला मिळणाऱ्या वेळेचे नाहीत. इशारा त्याच्या कितीतरी आधी, डोंगर वेग घेऊ लागल्यावर, दिला जाईल. गावांत भोंगे बसवले आहेत, फोनवरून निरोप जाण्याची सोय आहे. गाइरांगरला बारमाही रस्ता मिळाला तो 1955 मध्ये, ओर्नेवेगेन या अकरा वळणांच्या घाटाने. पर्यटक त्या वळणांवर थांबून फोटो काढतात. गावासाठी ती वर जाण्याची वाट आहे.

कोण काय करतं, आणि घर कुठे बांधायचं

कामाची वाटणी अशी. डोंगर मोजणं आणि पायरी जाहीर करणं एनव्हीईचं. माणसांना घराबाहेर काढण्याचा हुकूम पोलिसांचा. कुणाला कुठे न्यायचं, म्हाताऱ्यांच्या निवासातल्या माणसांची खाट कोण उचलणार, शाळा कुठे भरणार, याची तयारी कोम्यूनची. 2010 च्या नागरी संरक्षण कायद्याने प्रत्येक कोम्यूनला आपल्या हद्दीतल्या सगळ्या धोक्यांचा आढावा घेऊन आपत्कालीन आराखडा ठेवणं बंधनकारक केलं आहे. या सगळ्यांवर जिल्ह्यात राज्याचा, म्हणजे देशाच्या सरकारचा, प्रतिनिधी देखरेख करतो.

मोजणारा आणि हलवणारा यांच्यापैकी कुणालाही पुढच्या निवडणुकीत मतं मागायची नाहीत. हंगामाच्या ऐन भरात, धक्क्याला जहाजं लागलेली असताना गाव रिकामं करायला सांगणं हे ज्याच्या हॉटेलवाल्यांशी रोजच्या गाठीभेटी आहेत अशा नगराध्यक्षावर सोपवलेलं नाही. ही वाटणी करणाऱ्याने माणसाचा स्वभाव नीट ओळखला होता असं मला मनापासून वाटतं.

बांधकामाचा प्रश्न मात्र कोम्यूनच्या गळ्यात पडतो. नॉर्वेचे बांधकाम नियम दरडीच्या बाबतीत इमारतींचे वर्ग पाडतात. साध्या शेडला वर्षाला शंभरात एक एवढी शक्यता चालते, राहत्या घराला हजारात एक, जिथे खूप माणसं जमतात अशा इमारतीला पाच हजारात एक. हा नियम अक्षरशः लावला तर हेलेसिल्ट आणि गाइरांगरच्या तळपट्टीत नवं काही उभंच राहू शकत नाही. शाळेला नवी खोली जोडता येत नाही, तरुण जोडप्याला घर बांधता येत नाही. पाच-दहा वर्षं गाव तग धरेल. मग मुलं कमी होतील, शाळा बंद होईल, दुकान बंद होईल, आणि लाट येण्याच्या कितीतरी आधी गाव संपलेलं असेल.

म्हणून 2010 च्या नियमांत डोंगर पडून उठणाऱ्या लाटेसाठी वेगळं कलम आलं. दरड थेट अंगावर येणं आणि दरडीमुळे लाट येणं या दोन गोष्टी त्यात वेगळ्या धरल्या आहेत. लाटेच्या पट्ट्यात बांधकामाला अटींवर वाव आहे: बंदीचे परिणाम गावाला गंभीर असले पाहिजेत, दुसरी योग्य जागा नसली पाहिजे, डोंगरावर सतत नजर असली पाहिजे आणि माणसांना बाहेर काढायला पुरेसा वेळ मिळेल असा इशारा शक्य असला पाहिजे. म्हणजे वर भेगेवर बसवलेल्या त्या उपकरणांचा धागा थेट खाली एखाद्याच्या घराच्या नकाशावरच्या शिक्क्यापर्यंत येतो. उपकरणं बंद पडली तर परवान्याचा पायाच जातो.

पण 'दुसरी योग्य जागा नाही' हे कुणी ठरवायचं? हेलेसिल्टला गावाच्या मधोमध धबधबा कोसळतो, दोन्ही बाजूंना उतार चढतो. वर जागा आहे, पण तिथे हिमलोटाचा पट्टा आहे, किंवा शेतीची मोजकी चांगली जमीन आहे, किंवा उतार इतका उभा की रस्ता नेणं कोम्यूनला झेपणार नाही. प्रत्येक वेळी तीन वाईट पर्यायांतला कमी वाईट निवडायचा. कोम्यूनने आराखडा केला आणि तो सुरक्षेच्या निकषाला धरून नाही असं एनव्हीईला किंवा राज्याच्या प्रतिनिधीला वाटलं तर ते इनसीगेल्से, म्हणजे कायदेशीर हरकत, घेऊ शकतात. मग आराखडा अडतो, तडजोडीची बोलणी होतात आणि तरी नाही मिटलं तर प्रकरण मंत्रालयात जातं. स्थानिक स्वराज्याला घातलेला हा लगाम मला योग्य वाटतो. शेजाऱ्याला 'नाही' म्हणणं साडेचार हजारांच्या गावात फार जड असतं, आणि ते जड 'नाही' कधी कधी दुसऱ्याने म्हणावं लागतं.

यात एक गोष्ट मला अजून खुपते. माणसं वाचतील अशी व्यवस्था झाली आहे आणि ती चांगली आहे. पण लाट आली तर घरं, धक्का, रस्ते, कदाचित गाइरांगरचं 1842 सालचं अष्टकोनी पांढरं लाकडी चर्चसुद्धा, हे काही हलवता येणार नाही. नॉर्वेत घराच्या आगविम्यासोबत नैसर्गिक आपत्तीचं संरक्षण आपोआप मिळतं, आणि ज्याचा विमा उतरवता येत नाही अशा नुकसानीसाठी 1961 पासून सरकारी भरपाईची सोय आहे. मात्र विम्याला एका घटनेसाठी एकूण रकमेची मर्यादा आहे. गाव पुन्हा त्याच जागी उभं करायचं की नाही, हा निर्णय त्या दिवशी घ्यायचा की आजच घेऊन ठेवायचा? लोएनच्या लोकांनी 1905 नंतर तो दुःखात घेतला. स्ट्रांडाकडे शांतपणे बसून ठरवण्याची सवड आहे. उंचावर पर्यायी वस्तीसाठी रस्ता, पाणी, भूखंड यांची तयारी डोंगर हिरव्या पायरीवर असतानाच व्हायला हवी, आणि तो खर्च साडेचार हजार लोकांच्या करातून निघणारा नाही. मोजण्याचा खर्च राज्याने उचलला, तसा हाही उचलला पाहिजे.

दरम्यान हेलेसिल्टच्या शाळेत मुलांना इशारा झाल्यावर कुठल्या वाटेने वर जायचं ते माहीत असतं. मे महिन्यात ओक्नेसवर बर्फ वितळतं, भेगेतलं पाणी चढतं, केंद्रातल्या पडद्यावरची रेघ थोडी वर उचलते. जूनमध्ये ती पुन्हा आडवी होते आणि खाली फियोर्डमध्ये हंगामातली जहाजं येऊ लागतात.